परसदारी विटांची भट्टी

ईद आठ-दहा दिवसांवर आली की कोकणातल्या मोहल्ल्यांत एक दृश्य हमखास दिसायचे. असरच्या नमाजनंतर मुले डोक्यावर पत्र्याचे ट्रे घेऊन बेकरीची वाट धरायची. ट्रेमध्ये घरी वळलेल्या कच्च्या नानखटाया, त्यावर स्वच्छ फडके आणि कोपऱ्यात ओळखीसाठी खोचलेली चिठ्ठी. पावाचा शेवटचा घाणा उतरला की बेकरीवाले चाचा उरलेल्या आचेवर मोहल्ल्याचे ट्रे भाजून द्यायचे. घरात ओव्हन नव्हता, पण ईदच्या दिवशी कोणाच्याही दस्तरख्वानावर घरची नानखटाई नाही, असे होत नसे.

ही सोय आता झपाट्याने कमी होते आहे. बऱ्याच बेकऱ्या विजेच्या किंवा डिझेलच्या ओव्हनवर गेल्या. मुंबईत तर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. तो आदेश मुंबईचा आहे. पण गावोगावच्या बेकरीवाल्यांचे हिशेबही बदलत आहेत, आणि नव्या ओव्हनमध्ये बाहेरचे ट्रे घ्यायला कोणी राजी नसते.

नागोठण्यात आमच्या मोहल्ल्यात हा प्रश्न चवीपुरता नव्हता. आमच्या शेजारच्या एक खाला बेवा आहेत. रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात नानखटाईच्या ऑर्डरी घेऊन त्या मुलांच्या शाळेचा जून महिन्याचा खर्च काढतात. बेकरीने ट्रे घेणे थांबवले आणि गॅसवरच्या छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी बाराच नानखटाया मावू लागल्या. शेवटी चार घरांनी मिळून परसदारी एक भट्टी बांधायचे ठरवले. रोह्याकडचे एक वयस्कर गवंडी चाचा मिळाले. त्यांनी उमेदीच्या काळात बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधल्या होत्या. त्यांच्या हाताखाली आम्ही जे शिकलो ते सविस्तर देत आहोत. कोणाला आपल्या अंगणात असे काही करायचे असेल तर उपयोगी पडावे.

हा हुनर आपलाच

तंदूर हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतल्या 'तन्नूर'वरून आला. हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्या तुफानाच्या बयानात कुरआन शरीफमध्ये हा शब्द आलेला आहे. पाव मात्र पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आला. 'पाव' हा शब्दही त्यांचाच, आणि गोव्यातला पाववाला आजही 'पोदेर' म्हणवतो. तंदूर मातीचा आणि उभा असतो, त्यात भाकरी भिंतीला चिकटते. पावाची भट्टी विटांची, आडवी, वर घुमट किंवा कमान असलेली, तिच्यात भाकरी लादीवर बसते. आम्ही बांधली ती दुसऱ्या प्रकारची.

विटा किंवा दगड एकमेकांना रेटून अधांतरी कसे उभे राहतात, हे समजून घ्यायला नागोठणेकरांना दूर जायला नको. अंबा नदीवरचा जुना पूल चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी १५८२ च्या सुमारास बांधल्याची नोंद कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्याच्या कमानींत लोखंडाची सळई नाही. प्रत्येक दगड खाली पडू पाहतो आणि शेजारच्या दगडात अडकतो. भट्टीचा घुमट याच नियमावर उभा राहतो. कमान एका दिशेने रेटते, घुमट सगळ्या बाजूंनी, एवढाच फरक.

जागा आणि जोते

आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अंबेचे पाणी चढले की काय होते, ते १९८९ चा जुलै पाहिलेल्यांना सांगायला नको. त्यामुळे पहिला नियम असा की भट्टीची लादी जमिनीपासून किमान तीन फूट वर असावी. कंबर न वाकवता काम करता येते आणि साचलेले पाणीही आचेपर्यंत पोहोचत नाही. दुसरा नियम, भट्टीवर छप्पर हवेच. पत्रा किंवा मंगलोरी कौले चालतील. झावळ्या आणि प्लास्टिकचा कागद अजिबात नको. घराच्या भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर ठेवा आणि वारा कोणाच्या खिडकीकडे जातो ते आधी पाहा. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. धूर त्याच्या घरात कोंडणार असेल तर जागा बदलावी.

पाया मुरूम लागेपर्यंत खणावा, साधारण दीड ते दोन फूट. त्यात दगडगोटे भरून कुटावेत आणि वर काँक्रीटचा थर द्यावा. त्यावर पाच फूट बाय पाच फूट चौथरा येतो. तीन बाजूंना लाल विटांच्या भिंती आणि समोरची बाजू मोकळी ठेवली तर खाली लाकडे कोरडी राहतात. वर साडेचार इंचांचा सळईचा स्लॅब. या भागाला आच लागत नाही, म्हणून येथे सिमेंट बिनधास्त वापरावे. लाल विटा मात्र रात्रभर भिजवून घ्याव्यात. कोरडी वीट मालातले पाणी पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो.

वीट कशी निवडावी

दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर 'टण्' असा आवाज यावा. 'ठप्प' आवाज आला तर वीट कच्ची. कमरेइतक्या उंचीवरून सोडली तर तिचे तुकडे होऊ नयेत. चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर तिचे वजन पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाढू नये. जास्त भाजून काळी पडलेली, वाकडी झालेली वीटही बाजूला काढावी.

लादी आणि घुमटासाठी फायर ब्रिक घेतलेली बरी. तिचे माप ९ बाय साडेचार बाय ३ इंच असते. साधी लाल वीट वीटभट्टीत भाजूनच निघालेली असते, त्यामुळे ती आचेला लगेच हार मानत नाही. पण दर वेळी तापणे आणि थंड होणे यामुळे काही वर्षांत तिचे पोपडे सुटतात आणि ते खाण्यात पडतात. ऐपत कमी असेल तर निदान लादी तरी फायर ब्रिकची करा.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपला पट्टा कारखान्यांचा आहे. भंगारात जुनी फायर ब्रिक स्वस्तात मिळू शकते. ती कोणत्या भट्टीतून निघाली हे माहीत नसेल तर घेऊ नका. काही औद्योगिक विटांत क्रोमियम असते, काहींनी वितळलेला धातू आणि रसायने शोषलेली असतात. अशा लादीवर मुलांसाठी भाकरी भाजणे योग्य नाही. वीट नवीनच घ्यावी.

घुमटात सिमेंट का नको

गवंड्याला सांगितले नाही तर तो सवयीने सिमेंटचा माल कालवतो. एका ओळखीच्या घरी घुमट निव्वळ सिमेंटमध्ये बांधला होता. दुसऱ्या हिवाळ्यात सांध्यांतून भुकटी गळू लागली आणि एक वीट खाली आली. कारण सरळ आहे. सिमेंट पाणी धरून घट्ट होते. चारशे-पाचशे अंशांच्या आचेत हे धरलेले पाणी सुटते आणि आत मोकळा चुना उरतो. पावसाळ्यात तो चुना हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि सांधा फोडतो.

म्हणून घुमटाला मातीचा माल. चिकणमाती एक भाग, चाळलेली बारीक रेती अडीच ते तीन भाग. माती कशी आहे हे ओळखायला काचेच्या बरणीत अर्धी माती आणि वर पाणी भरून हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी रेती, मध्ये गाळ आणि वर चिकणमाती असे थर दिसतात. मग माल कालवून लिंबाएवढा गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. विखुरला तर माती कमी, पोळीसारखा पसरला तर पाणी जास्त, थोडासा चेपून अखंड राहिला तर माल तयार. पेणच्या मूर्तिकारांची शाडू माती अनेकांना आठवेल. ती फार बारीक आणि चिकट असते, भरपूर रेती घातल्याशिवाय सुकताना तडे जातात. आपल्या भागातल्या शेतातली, खडे निवडलेली चिकणमाती पुरेशी आहे.

लादी

स्लॅबवर थेट लादी बसवली तर सगळी आच खाली निघून जाते. म्हणून आधी चार इंच जाडीचे हलके एएसी ब्लॉक मांडावेत. त्यावर बोटाच्या पेराएवढा बारीक रेतीचा आणि मातीचा कोरडा थर पाणसळीने सपाट करावा. त्यावर फायर ब्रिक आडव्या, माल न लावता, एकमेकींना खेटून ठेवाव्यात. विटांच्या रांगा दाराला समांतर न ठेवता तिरप्या ठेवाव्यात. म्हणजे लांब दांड्याची फळी आत सरकवताना विटेच्या कडेला अडत नाही. माल न लावल्याचा फायदा असा की एखादी वीट फुटली तर तेवढीच काढून बदलता येते.

घुमट

आमच्या भट्टीची आतली रुंदी ३६ इंच आणि घुमटाची उंची १८ इंच आहे. दाराची उंची घुमटाच्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के असावी लागते, म्हणजे येथे सव्वाअकरा इंच. दार याहून उंच केले तर आच बाहेर पळते, ठेंगणे केले तर आत धूर कोंडतो आणि लाकूड नीट जळत नाही. रुंदी १६ इंच ठेवली, घरचे ट्रे सहज जातात.

घुमटाला विटेचा अद्धा लागतो. पूर्ण वीट गोलाईत बसत नाही, तिचे कोपरे आत येतात. छिन्नीने चारही बाजूंना खाच पाडून मग एक ठोका दिला की वीट सरळ तुटते. अद्ध्याचा तुटलेला भाग बाहेर आणि गुळगुळीत भाग आत ठेवायचा.

चाचांचे मुख्य हत्यार म्हणजे एक काठी. लादीच्या मध्यावर खिळा, त्याभोवती सगळीकडे फिरणारी १८ इंचांची काठी, टोकाला एक आडवी पट्टी. प्रत्येक विटेची आतली कड त्या पट्टीला टेकली पाहिजे. "मास्तर, नजर धोका देते, काठी देत नाही," असे ते म्हणाले. सातवीच्या मुलांना आम्ही गोलाची त्रिज्या फळ्यावर काढून शिकवतो. येथे ती हातात धरून विटा बसत होत्या.

पहिल्या रद्द्याला दाराची जागा सोडून साधारण वीस अद्धे लागतात. पुढचा प्रत्येक रद्दा सुमारे दहा अंशांनी आत झुकतो आणि नऊ रद्द्यांत घुमट मिटतो. आतल्या बाजूला विटा जवळजवळ भिडल्या पाहिजेत, सांधा दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठा नको. बाहेरच्या बाजूला मात्र पाचरीसारखी फट पडते, उभ्या सांध्यात इंचभर आणि आडव्यात पाऊण इंच. ती नुसत्या मातीने भरली तर सुकताना आकसते. म्हणून विटेच्या चिपा ठोकून बसवायच्या आणि उरलेल्या जागेत माल भरायचा. घुमटाला खरी ताकद या चिपा देतात, असे चाचा सांगतात.

सांधेमोड पाळणे घरच्या भिंतीत सोपे असते. घुमटात प्रत्येक रद्दा खालच्यापेक्षा लहान होत जातो, त्यामुळे कुठे ना कुठे सांध्यावर सांधा येतोच. दोन रद्द्यांत एका जागी आला तर चालेल, तिसऱ्यात येऊ देऊ नका. तेथे पाऊण वीट कापून बसवा. नाही तर त्याच रेषेत उभी भेग पडते.

दाराची कमान घुमटाच्या आधी उभी करावी. प्लायवुडचा अर्धगोल साचा ठेवून दोन्ही बाजूंनी एकेक अद्धा चढवत जायचे आणि शेवटची चावीची वीट वरून ठोकून बसवायची. विटांची संख्या विषम ठेवली तर चावी बरोबर मध्यावर येते.

पाचव्या रद्द्यापर्यंत माती विटेला धरून ठेवते. वीट माल लावून दाबून बसवली आणि क्षणभर हात ठेवला की पुरे. रद्दा पूर्ण झाला की तो स्वतःचा स्वतःच उभा राहतो. म्हणून रद्दा अर्धवट सोडून जेवायला उठू नये. त्यापुढे विटा फार झुकतात. तेव्हा आत ओली वाळू भरून तिला घुमटाचा आकार द्यावा, त्यावर ओले वर्तमानपत्र पसरावे आणि वरचे रद्दे त्यावर टेकवावेत. पूर्ण घुमटाची पोकळी साधारण सात घनफूट असते, तेवढी वाळू हाताशी ठेवा. शेवटी माथ्यावर उरलेल्या भोकाच्या मापाची वीट घासून खाली निमुळती करायची आणि ठोकून बसवायची. दोन दिवसांनी दारातून वाळू काढून घ्यावी.

फायर ब्रिकचा हिशेब असा: घुमटाला ७०, लादीला ३०, कमानीला ८ ते १० आणि तुटफुटीसाठी १०. एकूण १२० विटा पुरतात. धुराडे दाराच्या पुढे, बाहेरच्या बाजूला घ्यावे. सहा इंच व्यासाचा पाइप पुरे होतो. तो छपरातून जातो तेथे भोवती पुरेशी जागा मोकळी ठेवून पत्रा लावावा.

सबुरीचा आठवडा

येथपर्यंत सहा दिवस लागले. त्यानंतर दहा दिवस सावलीत सुकू द्यायचे. मातीच्या मालावर सिमेंटसारखे पाणी मारायचे नसते. मग सात दिवस रोज थोडी थोडी आग. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, असे वाढवत जायचे. बाहेरून हात लावला तर घुमट ओलसर कोमट लागतो, कधी कधी सांध्यांतून वाफ दिसते. ही वाफ हळूहळू गेली पाहिजे. ईद जवळ आली म्हणून पहिल्याच दिवशी जाळ केला तर विटेतले पाणी एकदम उकळते आणि घुमट तडकतो. केसाएवढ्या भेगा पडतातच, त्यांची चिंता नको. बोटाचे नख शिरेल एवढी भेग असेल तर मातीचा माल भरून पुन्हा सुकवावी.

शेवटचे आवरण घुमट पूर्ण कोरडा झाल्यावर द्यायचे. रोहा-पेणचा भाग भाताचा. गिरणीवर तूस मिळतो आणि तुसाची राख आच अडवण्यात फार चांगली असते. पातळ मातीत ही राख कालवून चार इंचांचा थर दिला आणि तो सुकल्यावर वर चुन्याचा गिलावा केला. आत जाळ असतानाही बाहेरून हात ठेवता येतो.

आच कशी वापरावी

सुमारे दोन तास कोरडी लाकडे जाळली की आधी काळा पडलेला घुमट पुन्हा उजळतो. काजळी जळून गेल्याची ही खूण. बाभूळ, सुरू, आंब्याच्या छाटलेल्या फांद्या, करवंट्या हे सगळे चालते. रंगवलेले लाकूड, प्लायवुड, प्लास्टिक कधीच नाही, त्यांचा विषारी धूर अन्नात उतरतो. भट्टी बंद खोलीत किंवा बंद पडवीत पेटवू नये, तेथे वायूने गुदमरून जीव जाऊ शकतो.

मग निखारे बाहेर काढायचे, लादी ओल्या गोणपाटाने पुसायची आणि दार लावून वीस मिनिटे आच सारखी होऊ द्यायची. चिमूटभर पीठ लादीवर टाका. लगेच काळे पडले तर अजून थांबा, सावकाश तांबूस झाले तर पाव घाला. आधी नान आणि रोटी, मग मुर्ग किंवा रान, त्यानंतर पाव, आणि आच १६०-१७० अंशांवर उतरली की नानखटाई. रात्री उरलेल्या उबेत डाळ-गोश्ताची हंडी ठेवून दार बंद केले तर सहरीला ती गरमच मिळते. एका जाळावर इतकी कामे होतात, म्हणून चारही घरे आपापले जिन्नस एकाच दिवशी आणतात. महिन्यातून दोनदा भट्टी पेटते, रोज नाही. लाकूडही वाचते आणि शेजारीही त्रासत नाहीत.

गेल्या रमजानात खालांचे सहा-सहा ट्रे एका संध्याकाळी निघाले. त्यांनी घरून विक्रीसाठी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणीही करून घेतली आहे. ज्यांना असा व्यवसाय करायचा असेल त्यांनी ती जरूर करावी. बांधकामात हाताखाली राबलेले मोहल्ल्यातले दोन तरुण आता अद्धे सफाईने तोडतात. पायाचे काम पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास सुरू करावे आणि फेब्रुवारीपर्यंत भट्टी सुकवून घ्यावी. भट्टीचे काम केलेला जुना गवंडी आपल्या गावात कोणी असेल तर त्याला आजच विचारून ठेवा, आणि कामाच्या वेळी घरातला एक मुलगा किंवा मुलगी त्याच्या शेजारी उभी करा.